ठेव, घर आणि तीन पहारेकरी

बँकेंत ठेव ठेवणारा आणि हप्ते भरून घराची वाट पाहणारा हे दोन निराळे इसम आहेत, असें समजून आमचा राज्यकारभार चालतो. बँकांवर देखरेख रिझर्व्ह बँकेची, विम्यावर हैदराबादच्या विमा प्राधिकरणाची, आणि या प्रांतांतील घरबांधणीवर २०१७ सालीं स्थापन झालेल्या महारेराची. परंतु रुपया या तिघांच्या हद्दी मानीत नाहीं, हें पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेच्या खातेदारांस पुरतें कळून चुकलें आहे.

ता. २३ सप्टेंबर २०१९ रोजीं त्या बँकेवर निर्बंध आले आणि प्रत्येक खातेदारास सहा महिन्यांत अवघे १,००० रुपये काढण्याची मुभा मिळाली. पुढें ही मर्यादा थोडथोडी वाढत २०२० च्या जूनमध्यें एक लाखावर गेली. बँकेच्या एकंदर कर्जापैकीं ७० टक्क्यांहून अधिक रक्कम एकाच बिल्डर समूहाकडे अडकली होती व ती बनावट खात्यांआड दडविली होती, असें फिर्यादींत म्हटलें आहे. तपासणी होत नव्हती असें नाहीं. तपासणारा वहीपुरतें पाहत होता, आणि वहीच खोटी होती. ठेवीच्या विम्याची मर्यादा एक लाखाची पांच लाख झाली ती निर्बंधांनंतर, ४ फेब्रुवारी २०२० पासून. निर्बंध लागतांच ९० दिवसांत ही रक्कम देण्याची तरतूद २०२१ सालीं आली. त्याहून मोठ्या ठेवी असणाऱ्यांना २०२२ च्या विलीनीकरणाच्या योजनेनें दहा वर्षांपर्यंतची मुदत दाखविली. उतारवयाच्या ठेवीदारास दहा वर्षें म्हणजे काय, हें योजना लिहिणारांनीं ध्यानांत घेतलें असेल काय?

आतां घरांकडे वळूं. एका इमारतीच्या गिऱ्हाइकांचा पैसा घेऊन दुसरीकडची जमीन खरेदी करावयाची, ही बिल्डरांची जुनी चाल. तिला आळा म्हणून २०१६ च्या कायद्यानें गिऱ्हाइकांकडून आलेल्या पैशांपैकीं ७० टक्के स्वतंत्र खात्यांत ठेवावयास लावले, आणि इंजिनिअर, आर्किटेक्ट व चार्टर्ड अकाउंटंट यांच्या दाखल्यांवांचून ते काढतां येऊं नयेत असें ठरविलें. नोंदलेल्या करारावांचून किंमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास बंदी केली. ही तजवीज चांगली आहे, हें आम्ही मोकळ्या मनानें कबूल करतों. दाखले देणारे तिघेही बिल्डरच्याच पैशानें नेमलेले असतात, ही गोष्ट मात्र व्यापारी वाचकांस निराळी सांगावयास नको.

खरी अडचण निकालानंतर सुरू होते. हुकूमनामा हातीं पडणें व पैसा पदरीं पडणें यांत किती अंतर असतें, हें दरखास्तींचें काम केलेला कोणीही वकील सांगेल. ताबा वेळेवर न मिळाल्यास व्याजासह पैसे परत मागण्याचा हक्क गिऱ्हाइकास १८ व्या कलमानें दिला. मुद्दलही महसुलाच्या थकबाकीप्रमाणें वसूल करतां येईल, असें सर्वोच्च न्यायालयानें नोव्हेंबर २०२१ मध्यें ठरविलें. पण वसुली करावयाची कोणीं? जिल्हाधिकाऱ्यानें! ज्याच्या माथीं निवडणुका, पूर व दुष्काळ, त्याच्याच कचेरींत हें वॉरंटही जाऊन पडतें.

विम्याची गोष्ट थोडक्यांत सांगतों. गृहकर्ज देतांना विम्याची पॉलिसीही गिऱ्हाइकाच्या गळ्यांत मारण्याची वहिवाट सर्वांच्या परिचयाची आहे. बँक येथें विमा कंपनीची एजंट होते. तक्रार करूं जाणारास मग एक दार बँकेकडे दाखवितें, दुसरें विम्याकडे.

आमची मागणी नव्या कायद्याची नाहीं. प्रत्येक प्रकल्पाची प्रगति व त्यावरील बोजा जाहीर करणें बिल्डरांस आजच बंधनकारक आहे. रिझर्व्ह बँकेच्या तपासनिसानें बँकेची कर्जखतावणी या नोंदींशीं ताडून पाहावी; बंद पडलेल्या इमारतीवर कर्ज मात्र सुरळीत दिसत असेल, तर तेथेंच थांबून विचारावें. आणि महसूलखात्यानें प्रत्येक जिल्ह्यांत वॉरंटें किती आलीं, रक्कम किती, वसूल किती झाली, याचा तक्ता दरमहा छापावा. पुण्याचा, ठाण्याचा व मुंबई उपनगराचा सर्वांआधीं.