रंगाचा बाजार आणि खानदेशचे ऊन

खानदेशात चैत्र लागला की दोन गोष्टी एकदमच तापू लागतात. एक ऊन आणि दुसरी लग्नसराई. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांची वाट चालू लागतो, तापीकाठच्या केळीबागा झळांनी करपतात, आणि नेमक्या याच दिवसांत उपवर मुलींच्या आया औषधांच्या दुकानांत व सौंदर्यगृहांत जाऊन 'चेहरा जरा उजळेल' असे काहीतरी मागतात. कोणी ट्यूब घेते, कोणी ब्लीच करविते, कोणी रासायनिक पीलची चौकशी करते, आणि ज्यांची ऐपत आहे ती घरे लेझरपर्यंत मजल मारतात. हा सारा व्यवहार अडाणी लोकांचा असता तर त्यावर लेखणी झिजविण्याचे आम्हांस कारण नव्हते. परंतु तो प्राध्यापकांच्या, वकिलांच्या, अधिकाऱ्यांच्या घरांतला आहे; म्हणजे आमच्या वाचकांचाच आहे. तेव्हा जे बोलावयाचे ते त्यांच्या तोंडावर बोललेले बरे.

प्रथम ऊन म्हणजे काय ते पाहू. जळगाव व धुळे ही दोन्ही शहरे विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे २१ अंशांवर वसली आहेत. सूर्य उत्तरेकडे साडेतेवीस अंशांपर्यंत जातो. त्यामुळे तो या शहरांच्या थेट माथ्यावरून वर्षातून दोनदा जातो, एकदा मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या मध्याच्या सुमारास. जुलैतला सूर्य पुष्कळदा ढगांआड असतो. मेमधल्या सूर्यास आडपडदा नसतो. अशा प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माणसाच्या कातडीत मेलॅनिन हे रंगद्रव्य अधिक असावे, ही निसर्गाची चूक नव्हे. ते त्याने दिलेले छत्र होय. अतिनील किरण शोषून घेऊन खालच्या पेशींचा बचाव करणे हे त्याचे काम. आता भर उन्हात उभ्या असलेल्या माणसाने पैसे देऊन आपलीच छत्री फाडून घ्यावी, यास शहाणपण म्हणावयाचे काय?

आणि ती फाडण्याचे मार्ग कोणते? सर्वांत स्वस्त व म्हणूनच सर्वांत घातक मार्ग म्हणजे स्टिरॉइडमिश्रित मलम. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक जोरकस स्टिरॉइड यांचे मिश्रण वांगावर थोडे दिवस, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली वापरावयाचे औषध आहे. आमच्याकडे ते 'गोरे होण्याची ट्यूब' या नावाने जाऊबाईकडून नणंदेकडे आणि नणंदेकडून शेजारणीकडे जाते. रक्तवाहिन्या आकसल्याने चेहरा पंधरा दिवस उजळ दिसतो. तेवढ्यावर सारे कुटुंब हरखून जाते. पुढे कातडी पातळ होते, पुटकुळ्या येतात, नको तेथे लव उगवते, ऊन लागताच आग होते. आणि ट्यूब थांबविली की चेहरा लालबुंद होतो, म्हणून ती पुन्हा सुरू होते. व्यसन म्हणतात ते याहून वेगळे काय असते? २०१८ साली सरकारने चौदा स्टिरॉइड मलमे अनुसूची 'एच'मध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून ती विकणे बेकायदा ठरविले. परंतु कायदा दुकानाच्या फळीपर्यंत पोहोचतो. शेजारणीच्या कपाटापर्यंत त्याचा हात कसा पोहोचावा?

दुसरा मार्ग पाऱ्याचा. पारा मेलॅनिन तयार करणाऱ्या द्रव्याचे काम अडवितो, म्हणून कातडी उजळते; पण तो कातडीतून शरीरात शिरतो आणि मूत्रपिंड गाठतो. ही ऐकीव गोष्ट नव्हे. भुसावळहून नागपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरच्या अकोल्यात एका घरातील तिघी, आई व दोन मुली, अशाच क्रीमने मूत्रपिंडाच्या विकारास बळी पडल्या, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात तपासणी झाली तेव्हा क्रीममधला पारा उघडकीस आला. हे वृत्त २०२३ साली सर्वत्र छापून आले होते. केरळातील डॉक्टरांनी २०२४ साली 'किडनी इंटरनॅशनल' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेली माहिती तर अधिकच बोलकी आहे: मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराच्या २२ रुग्णांपैकी १५ जणांत तो एका विरळ प्रकारचा आढळला, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरे करणारी क्रीमे लावीत होते. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे प्रसाधनांत पारा घालण्यास मनाई आहे. नकळत राहिलेला अंशही, डोळ्यांची प्रसाधने वगळता, दशलक्षात एकाहून अधिक चालत नाही. तरीही ज्या डबीवर बनविणाऱ्याचे नाव नाही, पत्ता नाही, घटकांची यादी नाही, ती डबी पदवीधर स्त्री निःशंकपणे चेहऱ्यास फासते. भाजीवाल्याकडे वांगी दहादा उलटून पाहणारी हीच का ती?

पील आणि लेझर यांची गोष्ट निराळी आहे, आणि आम्ही त्यांस सरसकट दोष देत नाही. मुरुमांचे खोल व्रण, जन्मखुणा, हट्टी वांग यांवर कुशल त्वचारोगतज्ज्ञाच्या हातून त्यांचा उपयोग होतो. परंतु लेझरचे पुष्कळसे प्रकार रंगद्रव्यावरच काम करतात. कातडी जितकी सावळी, तितकी ती अधिक उष्णता ओढून घेते. प्रमाण चुकले तर भाजते, आणि भाजल्याजागी पूर्वीहून गडद डाग उठतो. पीलने वरचा थर काढल्यावर खालची कोवळी कातडी उन्हास उघडी पडते. म्हणून जो डॉक्टर प्रथम तुम्ही दुपारी कोठे असता असे विचारतो आणि मे महिन्यात हे नको, थंडीत या असे सांगतो, तो आपला हितचिंतक समजावा. जो लग्नाच्या तारखेवरून आठवड्यांचा हिशेब मांडतो, त्याच्या पायऱ्या उतराव्या.

येथे कोणी म्हणेल, आपला चेहरा कसा ठेवावा हे ठरविण्याचा स्त्रीला हक्क नाही काय? अवश्य आहे. नटण्यामुरडण्याला आमचा विरोध नाही. नीटनेटके दिसावे ही इच्छा निरोगी मनाचे लक्षण आहे. परंतु ज्या निवडीच्या मागे पाहुण्यांनी दिलेला नकार आणि आत्याबाईंचा उसासा उभा असतो, तिला स्वातंत्र्य हे नाव देण्यास आमची जीभ रेटत नाही. दुसरे कोणी सारा दोष जाहिरातवाल्यांच्या माथी मारतील. जाहिरातवाले निर्दोष नाहीत. १९७५ साली बाजारात आलेल्या एका प्रख्यात क्रीमला आपल्या नावातला गोरेपणा गाळावयास २०२० साल उजाडावे लागले. परंतु क्रीमने नाव बदलले, आपण वधूच्या अपेक्षा बदलल्या काय? 'मुलगी गोरी हवी' हे वाक्य कोणत्याही कंपनीने आपल्या तोंडात कोंबलेले नाही. मागणी आपली आहे. बाजार फक्त हिशेब करतो.

मग निवडावे काय? उत्तर साधे आहे, म्हणूनच कोणाला रुचत नाही. आधी सावली, मग कापड, मग मलम. दुपारची कामे शक्य तेवढी सकाळी उरकावी. बाहेर पडणे भाग असेल तर आपल्या शेतांतील बाया वर्षानुवर्षे करतात त्याप्रमाणे डोके व तोंड सुती कापडाने झाकावे. उरल्या भागास ३० किंवा अधिक एस. पी. एफ. चे सनस्क्रीन पुरेसे लावावे आणि उन्हात असल्यास दर दोन तासांनी पुन्हा लावावे. ते काळे होऊ नये म्हणून नव्हे, त्वचेला इजा होऊ नये म्हणून. डाग, वांग, मुरुम असतील तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. सावळा रंग हा रोगच नव्हे. त्याचा उपचार शोधणे तेवढे सोडून द्यावे.

शेवटी एकच गोष्ट. दर ज्येष्ठात जळगाव जिल्ह्यातल्या मुक्ताईनगरहून मुक्ताबाईंची पालखी पंढरपूरला निघते. वारकरी बायाबापड्या रणरणत्या वाटेने दिवसचे दिवस चालतात ते कोणाला भेटावयास? एका काळ्या देवाला. त्याच्या पायांवर डोके ठेवून, त्याचे सावळे रूप डोळे भरून पाहून आपण घरी येतो, आणि त्याच रंगाची सून दारी येऊ नये म्हणून नाना खटपटी करतो. देवाच्या अंगी जो रंग वंद्य, तो लेकीच्या अंगी निंद्य कसा, याचे उत्तर ज्यांच्यापाशी असेल त्यांनी खुशाल ट्यूब विकत घ्यावी. आम्हांस ते अद्याप मिळालेले नाही.