फिर्याद दिल्यानंतर

घरातील कोणावर प्राणघातक हल्ला झाला, की प्रथम इस्पितळाकडे धाव घेतली जाते, मग पोलीस ठाण्याकडे. एकदा फिर्याद दिली की आपले काम संपले, पुढचे सरकार पाहील, असा आपल्या मंडळींचा सर्वसाधारण समज दिसतो. तो अगदीच निराधार होता असे आम्ही म्हणणार नाही. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आरोपीचे हक्क जागोजागी सांगितलेले होते. पण ज्याच्या अंगावर वार झाले, तो कायद्याच्या लेखी केवळ एक साक्षीदार होता. समन्स आले की हजर व्हावे, विचारतील तेवढे सांगावे आणि घरी परतावे. 'पीडित' या शब्दाची व्याख्याच तीत मुळात नव्हती. ती ३१ डिसेंबर २००९ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने आली आणि पालक व वारस यांचाही तीत समावेश झाला. १ जुलै २०२४ रोजी त्या संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली. तिने पीडिताचे हक्क कायम ठेवून त्यांत थोडी भरही घातली आहे.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांची पहिली अडचण भाषेची. बेळगावच्या ठाण्यात फिर्याद कन्नडमध्ये लिहिली जाते, बडोद्यास गुजरातीत. इंदूर-ग्वाल्हेरकडे हिंदीत लिहितात खरे, पण त्या हिंदीत फारसी शब्दांची इतकी दाटी असते, की चांगला शिकलेला मनुष्यही अडखळावा. घाबरलेला माणूस दाखवतील तेथे सही करून मोकळा होतो. वाचकहो, सही करण्यापूर्वी फिर्याद वाचून दाखवली पाहिजे, असे कायदाच सांगतो. शब्द कळला नाही तर अर्थ विचारावा, चूक असेल तर दुरुस्त करून घ्यावी. नंतर न्यायालयात वकील याच कागदावर बोट ठेवतात. तिची प्रत विनामूल्य मिळते. ती घेतल्याविना ठाण्याबाहेर पडू नये.

'आमच्या हद्दीत घडले नाही' हे उत्तरही आता चालणार नाही. इंदूरहून लग्नासाठी पुण्यास निघालेल्या कुटुंबावर वाटेत हल्ला झाला, तर कोणत्याही ठाण्यात खबर देता येते. तिलाच 'झीरो एफआयआर' म्हणतात. दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १२ नोव्हेंबर २०१३ रोजी दिला. तरीही कोणी टाळाटाळ केली, तर हकीकत लिहून टपालाने जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे पाठवावी. तेथेही दाद न लागल्यास दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. जखमीवरील तातडीचे उपचार मात्र यांपैकी कशासाठीही अडवून ठेवता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने हे १९८९ मध्येच स्पष्ट केले आहे.

आता ज्याविषयी आपल्या घरांत सर्वांत कमी माहिती आहे, त्या नुकसानभरपाईकडे वळू. आमच्या परिचयातील एका गिरणीवाल्यावर रात्री दुकान बंद करताना चोरट्यांनी कोयत्याने वार केले. उजवा हात कायमचा निकामी झाला. चोर सापडले नाहीत, तपासाची फाईल बंद झाली. उपचारांपायी घरातले दागिने गेले, थोरल्या मुलाचे शिक्षण अर्ध्यावर राहिले. गुन्हेगारच सापडला नाही, तर भरपाई देणार कोण, असे त्या सर्वांना प्रामाणिकपणे वाटत होते. पण ही भरपाई गुन्हेगाराच्या खिशातून नव्हे, तर राज्य सरकारच्या निधीतून मिळते. गुन्हेगाराचा माग लागला नाही आणि खटलाच उभा राहिला नाही, तरीही पीडिताला अथवा त्याच्यावर अवलंबून असलेल्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. नव्या संहितेच्या ३९६ व्या कलमात हे स्वच्छ लिहिले आहे. प्राधिकरणाने दोन महिन्यांत चौकशी पुरी करावी आणि गरज असल्यास तोपर्यंत अंतरिम मदत द्यावी, असेही तेथेच म्हटले आहे. ॲसिड हल्ल्यातील पीडितेस किमान ३ लाख रुपये मिळावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ठरवून दिले.

महाराष्ट्रातील वृत्तपत्रांत 'मनोधैर्य' योजनेविषयी वाचून काही वाचक तीच आपल्यालाही लागू आहे असे समजतात. ती महाराष्ट्र शासनाची आहे. गुन्हा मध्य प्रदेशात घडला तर मध्य प्रदेशची योजना, कर्नाटकात घडला तर कर्नाटकची. रकमा निरनिराळ्या आणि अर्जाची मुदतही योजनेनुसार, म्हणून चौकशीस विलंब करू नये. वर सांगितलेल्या कुटुंबास हे कळले, तोवर मुदत उलटून गेली होती.

स्त्रियांवरील अत्याचाराच्या बाबतीत अडसर बहुधा आपलाच असतो. समाज लहान, चार घरांत बातमी पसरेल या धास्तीने प्रकरण दडपले जाते. बलात्कारपीडितेचे नाव प्रसिद्ध करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. तिची फिर्याद स्त्री अधिकाऱ्यानेच नोंदवावी लागते. स्त्रीला सरकारी खर्चाने वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. एवढे संरक्षण कायदा देत असता नातलगांनीच तिला गप्प बसवावे, याचा आम्हाला संताप येतो.

खटल्याचेही थोडे सांगितले पाहिजे. तपास कोठवर आला हे पोलिसांनी ९० दिवसांच्या आत पीडिताला कळवावे, अशी नव्या संहितेत तरतूद आहे. न्यायालयाच्या परवानगीने सरकारी वकिलाच्या साहाय्यास आपला वकील देता येतो. आरोपी निर्दोष सुटला, तर पीडित स्वतः अपील करू शकतो. पूर्वी त्यासाठी सरकारच्या तोंडाकडे पाहावे लागे.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय बहुधा जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असते. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करूनही कायदेविषयक मदत मिळते. जाताना फिर्यादीची प्रत, इस्पितळाचे कागद व बिले आणि बुडालेल्या मिळकतीचा काही पुरावा जवळ ठेवावा. अर्ज दिल्यावर पोच मागून घ्यावी.