गरिबाला जामीन कोण राहणार?

रमजान जवळ आला की नागपुरातल्या मुस्लिम वस्त्यांत मदतीची लगबग सुरू होते. मोमीनपुरा, हसनबाग, टेका नाका, ताजबाग, कुठेही जा. एखादी कमिटी, एखादा ट्रस्ट, एखादे बैतुलमाल रेशनच्या पिशव्या भरण्यात गुंतलेले दिसते. कुठे मुलांच्या वह्या-पुस्तकांची सोय होते, कुठे गरीब मुलींचे निकाह लावून दिले जातात, कुठे आजाऱ्याच्या औषधाचा खर्च उचलला जातो. या कामाला आम्ही नावे ठेवणार नाही. व्यापारी बंधूंच्या जकातीवर आणि सदक्यावरच ते चालते आणि कित्येक घरांची चूल त्यामुळे पेटते. परंतु आमचा एक सवाल आहे. ज्या घराला आपण दहा वर्षांपूर्वी पिशवी दिली, त्याच घराला आजही पिशवी द्यावी लागत असेल, तर आपण गरिबी कमी केली की नुसती सांभाळली?

आपला गरीब माणूस रिकामा बसलेला नाही, ही गोष्ट आधी ध्यानात घ्यावी. 1857 नंतर उत्तर हिंदुस्थानातून मोमीन विणकरांची घराणी नागपूर-कामठीकडे आली, ती हातात हुन्नर घेऊनच. हातमाग मागे पडले, तेव्हा त्यांच्या मुलांनी शिलाई मशीन, हातगाडी, वेल्डिंग, ऑटोरिक्षा असे मिळेल ते काम धरले. 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालानुसार देशातील काम करणाऱ्या मुसलमानांपैकी सुमारे 61 टक्के लोक स्वयंरोजगारावर जगतात. म्हणजे आपला गरीब हा बहुतेक करून छोटा धंदेवाला किंवा कारागीर आहे. त्याला मेहनत शिकवायची गरज नाही. त्याच्याकडे भांडवल नाही आणि त्याच्यासाठी सही करणारा कोणी नाही.

मग तो कुठे जातो? वसुलीवाल्याकडे. हिशेब अगदी साधा दिसतो. हातात 4,500 रुपये मिळतात आणि 100 दिवस रोज 50 रुपये फेडायचे असतात. माणसाला वाटते, 500 रुपयेच तर जास्त गेले. पण मुद्दल रोज कमी होत असते, हे धरून हिशेब मांडला तर वर्षाचे व्याज 75 टक्क्यांच्या वर जाते. 2014 च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याने विनापरवाना सावकारी हा गुन्हा ठरवला आहे, तरी गल्लीबोळांतून ही वसुली चालूच आहे. कापडाच्या बाजारातही याचेच दुसरे रूप आम्ही पाहतो. परकर-गाऊन शिवणाऱ्या बाईजवळ रोख नसते, म्हणून ती उधारीच्या चढ्या भावाने कापड उचलते आणि पैशाची निकड म्हणून तयार माल पडत्या भावाने देते. दोन्हीकडून मार तिलाच बसतो. अशा घरात रमजानची पिशवी महिनाभर पुरते, पण उरलेले अकरा महिने वसुलीवाला दारात उभाच असतो.

याच शहरात मदतीच्या दुसऱ्या पद्धतीही होऊन गेल्या आहेत. जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल 1877 मध्ये नागपुरात सुरू झाली. तिथे 1886 मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड निघाला आणि 1895 मध्ये अपघाताची भरपाई सुरू झाली. तेव्हा देशात असा कोणताही सक्तीचा कायदा नव्हता. त्यातली मोठी गोष्ट ही की कामगाराला मालकाची मर्जी सांभाळत हात पसरावा लागला नाही. नियमाने जे ठरले ते त्याचा हक्क झाले. मिल 2002 मध्ये बंद पडली, पण हा धडा बंद पडायचे कारण नाही.

दुसरे उदाहरण मातृ सेवा संघाचे. 1921 मध्ये कमलाताई होस्पेट आणि वेणूताई नेने यांनी फक्त चार खाटांचे प्रसूतिगृह काढले. कमलाताई स्वतः नर्सिंग शिकलेल्या होत्या. पुढे याच संस्थेने शाखा काढल्या, मतिमंद मुलांची शाळा आणि समाजकार्याचे कॉलेज उभे केले. सुरुवात चार खाटांची होती, पण ती कोणत्याही एका महिन्यापुरती नव्हती. आपल्या कमिट्यांनी हे नीट पाहावे. मोठा मंडप आणि हजार पिशव्या यांच्यापेक्षा बारमाही उघडे असलेले एक छोटे दार गरिबाच्या जास्त कामाचे असते.

बिनव्याजी कर्जाचा मार्ग आपल्याला नवा नाही. देवबंदचा मुस्लिम फंड 1961 पासून चालत आला आहे. लोक तिथे बिनव्याजी ठेवी ठेवतात आणि गरजवंत दागिना गहाण ठेवून कर्ज उचलतो. पद्धत चांगली आहे, पण तिची हद्दही ओळखली पाहिजे. ज्याच्या घरात गुंजभर सोने नाही, तो या दारातून परत जातो. त्याला तारण म्हणून एकच वस्तू देता येते, आणि ती म्हणजे त्याला ओळखणाऱ्या माणसाची हमी. इथेच व्यापारी बंधूंचे काम सुरू होते.

आम्ही असे सुचवतो. एका बाजारातल्या दहा दुकानदारांनी मिळून एखाद्या नोंदलेल्या संस्थेशी करार करावा. प्रत्येकाने आपल्या ओळखीच्या तीन कारागिरांना जामीन राहावे. कर्ज-ए-हसनाची रक्कम लहान असावी, मशीनची मोटार किंवा आठवड्याचा माल येईल एवढी. हप्ता दुकानाच्या गल्ल्यावरच दर आठवड्याला जमा व्हावा. संस्थेच्या माणसाने घरी जाऊन चौकशी करावी. गरजू आपल्या ऑफिसात येईल म्हणून वाट पाहू नये. कोणता कारागीर वायद्याचा पक्का आहे, हे आम्हा दुकानदारांना कोणत्याही बँकेपेक्षा जास्त ठाऊक असते. ही माहिती आज आपण फक्त आपली उधारी वसूल करण्यासाठी वापरतो.

कर्जाचा हा फंड जकातीपासून वेगळा ठेवावा. मात्र कर्जदार खरोखर आजारी पडला, धंदा बुडाला, तर काय? जकातीच्या आठ हक्कदारांत कर्जात बुडालेला माणूसही आहे. तेव्हा उलेमांचा सल्ला घेऊन अशा माणसाचे कर्ज जकातीतून फेडता येईल. फंड बुडणार नाही आणि जामीनही अडचणीत येणार नाही.

हिशेबाची गोष्ट सर्वांत नाजूक आहे. 2019 मध्ये बंगळुरूची आयएमए कंपनी हलाल नफ्याचे नाव घेऊन बुडाली आणि हजारो ठेवीदार देशोधडीला लागले. त्या घटनेनंतर नुसत्या दाढी-टोपीवर किंवा गोड बोलण्यावर भरवसा ठेवणे हा गुन्हाच म्हणावा लागेल. ट्रस्ट असेल तर 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली आणि ठेवी घेणारी पतसंस्था असेल तर 1960 च्या सहकारी संस्था कायद्याखाली नोंदणी हवी. दरसाल ऑडिट व्हावे आणि त्याचा कागद मोहल्ल्यात भिंतीवर लावावा. कर्जदारांची नावे झाकावीत, रकमा झाकू नयेत. जी संस्था नफ्याचे आमिष दाखवते, ती बिनव्याजी संस्था नव्हे, एवढी खूणगाठ बांधावी.

पैशाखेरीज एक कामही आहे. 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपी, सुतार, लोहार, न्हावी, गवंडी असे 18 व्यवसाय आहेत. त्यात प्रशिक्षण आणि अवजारांसाठी 15 हजार रुपयांपर्यंत मदत आहे. ही मदत कर्ज नसल्याने व्याजाचा प्रश्न येत नाही. हातमाग विणकर मात्र त्या यादीत नाही, ही खेदाची गोष्ट. त्यासाठी निवेदने गेली पाहिजेत. आमच्यासारख्या उर्दू शाळेत शिकलेल्यांना मराठी-इंग्रजी फॉर्मची धास्ती काय असते, हे ठाऊक आहे. शुक्रवारच्या नमाजनंतर दोन तास एखादा शिकलेला मुलगा टेबल मांडून बसला आणि लोकांचे कागद भरून देऊ लागला, तर त्याची किंमत रेशनच्या पिशवीपेक्षा कमी नाही.

व्यापारी बंधूंनो, पिशव्या बंद करा असे आम्ही म्हणत नाही. विधवा, म्हातारे, अपंग यांना त्या लागतीलच. पण ज्याचे हातपाय धड आहेत, ज्याच्या हातात हुन्नर आहे, त्याला दरसाल रांगेत उभे करणे ही त्याच्या इज्जतीची हानी आहे. त्याच्यासाठी यंदा एक सही करा. आज कर्ज घेणारा चार वर्षांनी दुसऱ्याला जामीन राहू लागला, तर समजावे की आपल्या संस्थांचे काम झाले.