काशीदला वाईनची परंपरा नाही? (धागा)

गेल्या डिसेंबरात मांडव्याच्या धक्क्यापासून मुरूडपर्यंत जाणाऱ्या एका सायकल सहलीत सामील झालो होतो. दुसऱ्या दिवशीचा मुक्काम काशीदला. सुरूच्या बनामागे एका नारळीच्या वाडीत टेबले मांडलेली, त्यांवर नाशिकच्या वाईनच्या बाटल्या. आमचा गाइड सांगू लागला, "नाशिक ही आपली वाईनभूमी. कोकणाला वाईनची परंपराच नाही, म्हणून ती आम्ही इथे घेऊन आलो." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी वर पाहिले. डोक्यावर माड होता.

हा धागा त्या एका वाक्याविरुद्ध आहे, त्या मुलाविरुद्ध नव्हे. तो माझ्याच वयाचा, पंक्चर काढण्यात वाकबगार. हाती दिलेले टिपण तो इमानाने म्हणत होता. टिपण लिहिणाऱ्याशी माझे भांडण आहे.

माडाला पोय येते. ती उमलण्याआधी बांधतात, टोकाशी रोज पातळ काप घेतात आणि खाली मडके अडकवतात. थेंबथेंब रस उतरतो. उतरताक्षणी तो गोड असतो. हवेतील यीस्टने काही तासांत आंबू लागतो आणि मग ती माडी होते. ताडाची ताडी, शिंदीची शिंदी. जी पोय छेदली तिला नारळ धरत नाहीत, म्हणून कोणता माड फळाला ठेवायचा आणि कोणता रसाला, हा हिशेब वाडीत आधीच झालेला असे. दिवसातून दोन-दोन वेळा झाडावर चढण्याचे हे काम किनाऱ्यावर अनेक भंडारी कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या केले. फळांचा वा झाडांचा साखरयुक्त रस आंबवून केलेले पेय ते वाईन, एवढी सैल व्याख्या घेतली तर माडी तिच्यात बसते. इंग्रजीतही तिला 'पाम वाईन' म्हणतातच, आणि तिथला 'टॉडी' हा शब्द आपल्या ताडीवरूनच गेला.

पुरावा हवा? आदल्या दिवशी आमच्या सायकली ज्या चौल-रेवदंड्यातून न थांबता गेल्या, तिथेच पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात अफनासी निकीतिन हा रशियन व्यापारी जहाजातून उतरला. तिथून तो जुन्नरला गेला. या देशातले लोक मोठमोठ्या नारळांपासून वाईन करतात, असे त्याने आपल्या प्रवासवर्णनात नोंदवले आणि त्यासाठी सरळ आपल्या भाषेतला वाईनचाच शब्द वापरला. (रस नारळाचा नसून पोयीचा, एवढी चूक त्याला माफ करू.) गोव्यात १५६३ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य माडाच्या 'सुरे'बद्दल आणि ती गाळून केलेल्या दारूबद्दल तपशिलाने लिहितो. निकीतिनचे स्मारक आज रेवदंड्यात आहे. तिथे आम्ही थांबलो नाही. नाश्त्याला उशीर होत होता.

आणि द्राक्षाचीच वाईन हवी असेल तर तीही या किनाऱ्याला अनोळखी नाही. 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथात भडोचला येणाऱ्या मालात इटालियन वाईन आहे, आणि त्याच ग्रंथात कल्याणच्या पुढे येणारे 'सेमुल्ला' बंदर म्हणजे बहुतेक अभ्यासकांच्या मते चौल. भूमध्य समुद्राकडून आलेल्या अँफोरा कुंभांचे तुकडे घारापुरी आणि नेवासे येथे सापडले आहेत. रोमन म्हणून नोंदलेली काही खापरे पुढे मेसोपोटेमियाकडची ठरली, तेव्हा जपून बोलावे. पण सगळी नव्हेत.

मग ही परंपरा 'नाही' कशी झाली? ती विरली नाही, तिला गुन्हा ठरवण्यात आले. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने परवान्याशिवाय झाड छेदणे हा अपराध झाला. झाडागणिक कर आला. घरगुती भट्ट्या मोडून गाळप मोठ्या मक्तेदारांच्या केंद्रीय भट्ट्यांकडे गेले. उरणच्या पारशी मालकांच्या मोहाच्या भट्ट्या मुंबईला दारू पुरवत होत्याच. सरकारला रस होता मोजता येईल अशा दारूत: बाटलीत मावणारी, नाक्यावर अडवता येणारी. सकाळी उतरून संध्याकाळपर्यंत आंबट होणारी माडी महसूल खात्याच्या कामाची नव्हती. १८९२ च्या 'म्हौरा' कायद्याने तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले जवळ बाळगण्यावरही निर्बंध आले. झाडाखाली पडलेले फूल वेचणारा कातकरीसुद्धा संशयित!

उत्तरात कोणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगतो: काशीद तेव्हा जंजिरा संस्थानात होते. १८७८ चा कायदा शेजारच्या ब्रिटिश कुलाबा जिल्ह्याचा, म्हणजे अलिबाग-चौलचा. १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने दोन्हीकडची माडी एकाच कलमांखाली आली.

सगळे पाप इंग्रजांच्या माथी मारण्याची सोय आपल्याला नाही. ताडीच्या दुकानांवर निदर्शने हा गांधीयुगातील राष्ट्रीय चळवळीचा कार्यक्रम होता. त्यामागे अबकारी उत्पन्नावर घाव घालण्याचा डाव होता, तशीच उद्ध्वस्त संसारांची खरी कळकळही होती. मात्र परक्या सरकारने करासाठी आणि आपल्या पुढाऱ्यांनी नीतीसाठी बोट दाखवले ते एकाच माणसाकडे. तो माडावर चढलेला होता.

आता नाशिककडे पाहा. २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरणाने महाराष्ट्र सरकारने वाईनला उत्पादन शुल्कातून सूट दिली आणि विंचूर व पलूसला वाईन पार्क उभारले. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमधून वाईनविक्रीचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा पुढे केलेले कारण होते द्राक्ष उत्पादक शेतकऱ्याचे हित. ठीक आहे. द्राक्ष शेतकऱ्याशी माझे वैर नाही, आणि गंगापूर धरणाच्या काठाने मळ्यामळ्यांतून सायकल चालवणे मलाही आवडेल. पण मग माडाचा शेतकरी शेतकरी नव्हे काय? एकाच्या आंबलेल्या रसाला शुल्कमाफी, उत्सव आणि भौगोलिक मानांकन. दुसऱ्याच्या रसाला परवाना आणि छापा. 'वाईनभूमी' हा शब्द मातीने नव्हे, महसूल धोरणाने घडवला आहे, आणि सहलीचे टिपण तो भूगोल म्हणून विकते.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला: माडीच्या नावाखाली क्लोरल हायड्रेटची भेसळ विकली जाते, त्याने माणसे मरतात. खरे आहे, आणि ती विकणाऱ्याची बाजू मी घेत नाही. पण भेसळ हा त्या धंद्यावरचा आरोप आहे, ती परंपरा नव्हतीच याचा पुरावा नव्हे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्या कुटुंबांनी शिक्षण घेऊन हा व्यवसाय सोडला, त्यांना तो पुन्हा का चिकटवायचा? मुळीच चिकटवू नये. माडावरून पडून मोडलेल्या कंबरेत रम्य असे काही नसते. मी पर्यटकांसाठी माडी उतरवण्याचे प्रयोग मागत नाही. मागतो आहे ते एवढेच, की ज्या वाडीत बसून पेला उचलता त्या वाडीचा इतिहास 'नाही' असे म्हणू नका.

परतताना साळावचा पूल ओलांडल्यावर गाइडला म्हटले, "दादा, दहा मिनिटे रेवदंड्यात थांबूया." थांबलो. निकीतिनची गोष्ट सांगितली, जुन्नरचीही. त्याच जुन्नर तालुक्यात, नारायणगावला, १९८० च्या दशकात 'शॅम्पेन इंडाज' उभी राहिली, हे ऐकून तो हसला. पुढच्या तुकडीला हे सांगेन म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "पण टिपण ऑफिसातून येतं हो."