पुण्याई माझी, मग तिचं काय?



गेल्या भाद्रपदात, दशलक्षण पर्वाच्या तिसऱ्या दिवशी मला हार्ट अटॅक आला. सकाळी पूजेची अष्टद्रव्यं तयार करत होते. पाठीत, दोन्ही खांद्यांच्या मध्ये कळ आली. मग जबडा दुखू लागला, मळमळलं, घाम फुटला. छातीत मात्र विशेष काही नाही. आदल्या दिवशी एकाशन झालेलं, म्हणून पित्तच समजले. सुनेनं दोनदा विचारलं, "आई, काय होतंय?" दोन्ही वेळा मी म्हटलं, "काही नाही गं." तिनं ऐकलं नाही. पूजेचं ताट तसंच ठेवून मला गाडीत बसवलं. ईसीजी निघाला, लगेच अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला.

रात्री आयसीयूत पडद्यापलीकडच्या खाटेवर एक बाई होती. खेड्यातली, माझ्याच वयाची असावी. "ताई, तुमचं बी छातीचंच काय?" तिनं विचारलं. तिला पहाटे म्हशीची धार काढताना कळ आली होती. पण दूध डेअरीला घालायचं होतं, वैरण टाकायची होती, भाकरी व्हायच्या होत्या. दवाखान्यात पोचायला संध्याकाळ झाली. "जनावरं उपाशी कशी ठेवायची ओ?" ती म्हणाली. मला गुंगी होती. तिच्या बोलण्याचा कंटाळा आला आणि मी तोंड फिरवून घेतलं.

पहाटे तीनच्या सुमाराला पलीकडे धावपळ उडाली. कुणीतरी तिची छाती दाबत मोठ्यानं आकडे मोजत होतं. मी णमोकार म्हणू लागले. तो तिच्यासाठी होता की माझ्याच भीतीपोटी, आजही सांगता येत नाही. मग मोजणं थांबलं. थोड्या वेळानं तिच्या मुलीला आत बोलावलं आणि काढून ठेवलेल्या बांगड्या कागदात बांधून तिच्या हातात दिल्या.

घरी आल्यावर भेटायला येणारी प्रत्येकजण म्हणे, "तुमची पुण्याई थोर." प्रेमानंच म्हणत होत्या. पण मला ते टोचायचं. मी वाचले ही माझी पुण्याई, तर ती गेली हे तिचं पाप का? घरच्यांसाठी राबताना गेलेल्या बाईला असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? तिचा आजार माझ्याहून मोठा असेलही, ते डॉक्टर जाणोत. मला दिसलेला फरक एवढाच, की मला "काही नाही" न ऐकणारी सून होती. हृदयाची रक्तवाहिनी बंद पडली की स्नायू मरू लागतो. जितका उशीर, तितकं नुकसान.

"आयुष्यकर्म होतं तेवढंच," असंही कुणी म्हणालं. पण पर्वात रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय आपण ऐकतो. दुसऱ्याच्या शेवटी काय आहे? देव, नारकी, त्याच भवात मोक्षाला जाणारे, असे काही जीव सोडले तर बाकीच्यांचं आयुष्य बाहेरच्या कारणानं मध्येच तुटू शकतं. तुम्ही-आम्ही त्या बाकीच्यांत. म्हणजे उपचार करणं हे कर्मसिद्धांताला सोडून नाही.

दुखणं सोसणं म्हणजे तप, हाही आपला एक गैरसमज. आपल्या भोजचे आचार्य शांतिसागर महाराज 1955 साली कुंथलगिरीला छत्तीस दिवसांच्या सल्लेखनेनं समाधिस्थ झाले. पण दृष्टी मंदावून मुनिधर्म निर्दोष पाळणं अशक्य झालं, तेव्हा पूर्ण जाणतेपणी त्यांनी ती घेतली. रत्नकरंड श्रावकाचारातही सल्लेखना सांगितली आहे ती संकट, दुष्काळ, म्हातारपण किंवा रोग यांवर काही उपायच उरला नाही, तर. स्वयंपाक आटपेपर्यंत छातीतली कळ दाबून ठेवणं यात कुठेच बसत नाही. मला अटॅक आला तो दिवस उत्तम आर्जवाचा होता. आर्जव म्हणजे सरळपणा. विचारणाऱ्या सुनेला "काही नाही" म्हणणं हा सरळपणा नव्हता.

म्हणून सांगते. बायकांमध्ये नेहमी छातीतच कळ येते असं नाही. जबडा, पाठ, हात दुखणं, दम लागणं, मळमळ, घाम, एकाएकी गळून जाणं, असं झालं की आधी ईसीजी, मग पित्ताचा विचार. गाडी नसेल तर 108 ला फोन लावा, ती रुग्णवाहिका मोफत येते. बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर उपवासाआधी डॉक्टरांना विचारा.

आणि एक. कोल्हापुरात सीपीआर म्हटलं की आपल्याला छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयच आठवतं. दुसरं सीपीआरही शिकून घेऊया. माणूस शुद्धीवर नसेल आणि श्वास थांबला असेल, तर छातीच्या मधोमध मिनिटाला 100 ते 120 वेळा, किमान 5 सेंटीमीटर खोल दाब द्यायचा, मदत येईपर्यंत. महिला मंडळाच्या एका बैठकीत हळदीकुंकवाऐवजी डॉक्टरांना बोलावून हे शिकता येईल.

क्षमावाणीला मी घरीच होते. सगळ्यांचे फोन आले, सगळ्यांना क्षमा मागितली. शेवटी डोळे मिटून त्या बाईलाही मागितली. तिचं नाव मला माहीत नाही. ती बोलत होती आणि मी तोंड फिरवलं होतं.