दृष्टांत : साम्य वस्तूंचे की कृतींचे?

महाविद्यालयीन अध्यापनात दृष्टांताची चर्चा बहुधा उपमेय, उपमान आणि साधारण धर्म यांच्या शोधापाशी थांबते. अलंकार ओळखला की अर्थ हाती आला, असे मानले जाते. वस्तुतः दृष्टांतामागील विचार वस्तूंच्या साम्यापेक्षा कृतीच्या आराखड्यावर अधिक उभा असतो.

मेरी गिक आणि कीथ होलिओक या मानसशास्त्रज्ञांचे १९८० साली प्रसिद्ध झालेले प्रयोग या संदर्भात उद्बोधक आहेत. किल्ल्याच्या वाटांवर सुरुंग पेरलेले असल्याने सेनापती सैन्याच्या लहान तुकड्या करून त्या निरनिराळ्या वाटांनी एकाच वेळी किल्ल्यावर आणतो, ही कथा काहींना वाचावयास दिली गेली. नंतर कोडे घातले : निरोगी भागास इजा न करता पोटातील गाठ किरणांनी कशी नष्ट करावी? सैन्य आणि किरण यांत रूपसाम्य मुळीच नाही. समान आहे ती उद्दिष्ट, अडसर व उपाय यांची जुळणी. कृती करण्यापूर्वी मन जी जुळणी करते, तीच येथे एका क्षेत्रातून दुसऱ्या क्षेत्रात नेली जाते. तथापि सूचना मिळेपर्यंत बहुतेकांना कथेचा उपयोग सुचला नाही.

ज्ञानेश्वरीतील कासव पाहावे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील ५८व्या श्लोकात ते अवयव आवरून घेते, एवढेच आहे. ज्ञानेश्वर त्याआधी अवयव पसरण्याची क्रिया घालतात आणि आवरणे इच्छेच्या अधीन ठेवतात. ही भर वर्णनाच्या हौसेपोटी आलेली नाही. ज्याला पसरता येते त्याचेच आवरणे हा निग्रह; एरवी ते भेदरलेल्या प्राण्याचे आकुंचन. श्रोता कासवाचे रूप न्याहाळीत नाही, ती कृती आणि तिचा आवर तो मनोमन करून पाहतो. स्थितप्रज्ञाला कवच नसते, याने काही बिघडत नाही.

हा पाश्चात्त्य मानसशास्त्राचा उसना चष्मा आहे, असा आक्षेप येईल. पण केसोबासांच्या 'दृष्टांतपाठा'त सूत्र आणि दृष्टांत यांच्यापुढे दार्ष्टांतिक येते, ते कशासाठी? दृष्टांतातील व्यवहार सिद्धांताकडे कसा वळवावा, हे तेथे उलगडून दाखविलेले असते. प्रयोगात जी सूचना मागाहून द्यावी लागली, ती येथे रचनेतच आहे. अध्यापनातून मात्र नेमके हेच अंग गळते. 'अलंकार ओळखा' या प्रश्नाच्या जोडीला, दृष्टांतातील कर्ता काय साधू पाहतो आणि त्याच्या आड काय येते, हेही प्रश्नपत्रिकेत विचारावयास हरकत नसावी.