गॉडझिला : एका भीतीचा इतिहास

अक्राळविक्राळ प्राणी, भुतेखेते आणि परग्रहावरील स्वाऱ्या यांचे चित्रपट म्हणजे निव्वळ पोरखेळ, अशी सुशिक्षित वर्गाची जुनी समजूत आहे. यांपैकी पुष्कळसे चित्रपट खरोखरच पोरखेळ असतात, हे नाकारण्याचे कारण नाही. तथापि जे उघडपणे बोलण्याची सोय नसते, ते बोलण्यासाठी समाज अनेकदा राक्षसाचा आधार घेतो. जपानी दिग्दर्शक इशिरो होंडा यांचा ‘गोजिरा’ हा याचा उत्तम दाखला होय. जगाने या राक्षसाला पुढे ‘गॉडझिला’ या नावाने ओळखले.

हा चित्रपट ३ नोव्हेंबर १९५४ रोजी प्रदर्शित झाला. त्याच वर्षी १ मार्चला अमेरिकेने पॅसिफिक महासागरातील बिकिनी बेटांवर हायड्रोजन बाँबची चाचणी केली होती. स्फोटाची शक्ती १५ मेगाटन, म्हणजे हिरोशिमावरील बाँबच्या सुमारे हजारपट होती. शास्त्रज्ञांनी केलेल्या अंदाजाच्या दुपटीहून ती अधिक भरली. धोक्याच्या जाहीर क्षेत्राबाहेर असलेल्या ‘दाइगो फुकुर्यू मारू’ या जपानी मच्छीमार नौकेवर किरणोत्सारी राख पडली. तिच्यावरील २३ जणांना त्याची बाधा झाली आणि त्यांतील बिनतारी यंत्रचालक सप्टेंबरात मरण पावला. अण्वस्त्रांविरुद्ध जपानमध्ये सुरू झालेल्या मोहिमेला पुढील वर्षापर्यंत तीन कोटींहून अधिक सह्या मिळाल्या.

होंडा यांचा चित्रपट समुद्रावरील एका लखलखाटाने आणि पेटलेल्या बोटीने सुरू होतो. त्याचा अर्थ तेव्हाच्या जपानी प्रेक्षकाला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. १९५२ पर्यंत जपान परकी लष्कराच्या ताब्यात होता आणि त्या राजवटीने अणुबाँबच्या परिणामांविषयी लिहिण्यावर कडक निर्बंध घातले होते. खुद्द होंडा युद्धानंतर चीनमधून परतताना बेचिराख हिरोशिमातून गेले होते. त्यांचा राक्षस हायड्रोजन बाँबच्या चाचण्यांनी डिवचला जाऊन समुद्राबाहेर येतो आणि टोकियो जाळतो. जखमींनी भरलेली रुग्णालये, किरणोत्सार मोजणारी यंत्रे आणि मुलांना कवटाळून मृत्यूची वाट पाहणारी आई ही दृश्ये कल्पनेतली नव्हती. ती लोकांच्या आठवणीतली होती.

चित्रपटाचा नैतिक पेच मात्र राक्षसापाशी नाही; तो सेरिझावा या शास्त्रज्ञापाशी आहे. राक्षसाला मारू शकेल असे अस्त्र त्याच्याजवळ आहे. परंतु एकदा वापरल्यावर ते सत्ताधाऱ्यांच्या हाती पडणार, हेही त्याला कळते. म्हणून तो आपली टिपणे जाळतो आणि अस्त्र वापरून स्वतःही समुद्राच्या तळाशी मरण पत्करतो. ज्ञान निर्माण करणाऱ्याची जबाबदारी कोठे संपते, हा प्रश्न या कथेइतक्या थेटपणे फार थोड्या गंभीर चित्रपटांनी विचारला असेल.

पुढे जे घडले तेही बोधप्रद आहे. १९५६ साली अमेरिकेत या चित्रपटाची नवी आवृत्ती निघाली. तीत रेमंड बर हा नट अमेरिकन बातमीदाराच्या भूमिकेत घुसडण्यात आला. नागासाकीतून वाचलेल्या तरुणीचे उद्गार गाळण्यात आले. चाचण्या थांबल्या नाहीत तर असाच दुसरा राक्षस येईल, हा अखेरचा इशाराही वगळला गेला. राक्षस ठेवला आणि त्याचे कारण काढून टाकले. जपानी निर्मात्यांनीही पुढे वेगळे काही केले नाही. साठ आणि सत्तरच्या दशकांत गॉडझिला मुलांचा सवंगडी झाला आणि खेळण्यांच्या दुकानात जाऊन बसला.

२०११ साली फुकुशिमाच्या अणुवीजकेंद्रात अपघात झाला, तेव्हा प्रतीकाला पुन्हा आशय मिळाला. २०१६ च्या ‘शिन गोजिरा’मध्ये राक्षस शहर तुडवीत असतो आणि मंत्री व अधिकारी एका बैठकीतून दुसऱ्या बैठकीत जात असतात. जपानी प्रेक्षकाने त्यात आपले शासन ओळखले, यात नवल नाही.

अशी ताकद मराठी भयकथेतही आहे. नारायण धारप यांच्या कथेपासून प्रेरणा घेतलेल्या ‘तुंबाड’ या २०१८ च्या हिंदी चित्रपटात कोकणातल्या वाड्याखालचे सोने बापाला पछाडते आणि तोच हव्यास मुलाच्याही अंगी भिनतो. तेथील राक्षसाचे भय वाटते, कारण त्याची भूक घरोघरी परिचयाची आहे.

तेव्हा अशा चित्रपटांची परीक्षा यंत्रांच्या करामतीवर किंवा किंकाळ्यांच्या संख्येवर करू नये. राक्षस कोणी जागा केला, याचे उत्तर चित्रपट देतो की लपवतो, हे पाहावे. जो ते लपवतो, तो प्रेक्षकाला दोन घटका घाबरवून घरी पाठवतो. जो ते देतो, तो त्याला नागरिक म्हणून विचार करायला लावतो. ‘गोजिरा’ने हे काम सत्तर वर्षांपूर्वी केले, आणि अण्वस्त्रांची कोठारे अद्याप रिकामी झालेली नाहीत.